कलईत शिसे किती?

गेल्या आठवड्यात तरावीहची नमाज आटोपून मशिदीबाहेर आलो, तर पायऱ्यांपाशी एक जुना विद्यार्थी वाट पाहत उभा होता. बारावीपर्यंत तो आमच्याच कॉलेजात शिकला. उर्दूच्या तासाला मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर मोटारसायकली काढायचा आणि माझी बोलणी खायचा. पुढे त्याने पुण्यात डिझाइनचे शिक्षण घेतले. आता तो तिथेच एका कंपनीत प्रॉडक्ट डिझायनर आहे. मोटारसायकली राहिल्या वहीत; तो मोबाइलवरचे अ‍ॅप घडवतो. कोणते बटण कुठे असावे, कोणता रंग असावा, माणसाने आधी काय पाहावे आणि नंतर काय, हे ठरवणे म्हणजे त्याचे काम. वडील एमआयडीसीत फिटर होते. मुलाचा पगार कळल्यापासून मोहल्ल्यात त्यांना सलाम करणाऱ्यांची संख्या वाढली आहे.

चहाच्या टपरीवर बसलो. थोडा वेळ तो मराठीत इकडचे तिकडचे बोलला आणि मग एकदम आपल्या दखनीवर आला. ‘‘सर, एक बात पूछनी थी. मेरी रोजी हलाल है क्या?’’

मी हसलो. म्हणालो, ‘‘दारू विकत नाहीस, व्याजाचा धंदा करत नाहीस. मग कसली काळजी करतोस?’’

त्याने जे सांगितले ते असे. त्याच्या कंपनीच्या अ‍ॅपवर पहिला महिना फुकट असतो. दुसऱ्या महिन्यापासून पैसे आपोआप कापले जातात. बंद करायचे असेल तर बटण आहे. कायद्याने ते ठेवावेच लागते. पण ते पाचव्या पानावर, करड्या रंगात, बारीक अक्षरात कसे ठेवायचे हे त्याने ठरवले आहे. वाटेत ‘खरंच जाणार?’ असे विचारणारी दोन पाने आहेत, तीही त्याचीच. ही मांडणी केल्यावर अ‍ॅप सोडून जाणाऱ्यांची संख्या घटली आणि त्याला बढती मिळाली. ही गोष्ट गेल्या वर्षीची. यंदा रमजानच्या आधी तो घरी आला तेव्हा आईने फोन त्याच्या हातात दिला. म्हणाली, ‘‘बेटा, हर महीने एक सौ निन्यानवे रुपये किधर जा रहे देख जरा.’’ अ‍ॅप दुसऱ्याच कुठल्या तरी कंपनीचे होते. धाकट्या भाचीने कधी तरी खेळता खेळता चालू केलेले. आई घरी शिलाईचे काम करते. फॉल-पिकोचे पैसे त्या खात्यात जमा होतात. सात महिने कापले जात होते. बंद करायचे बटण त्याला लगेच सापडले. ‘‘सर, पाचव्याच पानावर होतं. करड्या रंगात. मी जिथं ठेवलं असतं तिथंच.’’

मी विषय बदलला. रात्र झाली होती, सहेरीला उठायचे होते. असली कारणे शिक्षकाकडे नेहमी तयार असतात. पण घरी आल्यावर झोप लागली नाही. आठवत राहिले ते माझे वडील.

माझे वडील कलईगर होते. आजच्या मुलांना कलई ही वर्षातून एकदा हौसेने पाहायची गोष्ट वाटते, पण माझ्या लहानपणी झेंडीगेटच्या आसपास रमजानचा चांद दिसण्याआधीचे पंधरा दिवस म्हणजे आमचा हंगाम. घराघरातली तांब्या-पितळेची पातेली, मशिदीच्या देगा, बधने, सगळे आमच्या दारात येऊन पडायचे. जमिनीत खड्डा, त्यात कोळसा, कातड्याचा भाता. भाता ओढायचे काम माझ्याकडे. भांडे तापले की अब्बा त्यात नवसागर टाकत. पांढरा धूर डोळ्यांत जायचा. मग कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवायचे. काळवंडलेल्या भांड्यात चांदणे पसरावे तसे व्हायचे. हे दृश्य मी शेकडो वेळा पाहिले आणि एकदाही कंटाळलो नाही.

या धंद्यात फसवणूक सोपी होती. कथील महाग, शिसे स्वस्त. कथलात शिसे मिसळले की कांडी लवकर वितळते, कोळसाही कमी लागतो आणि चकाकी त्या दिवशी तरी तशीच दिसते. गिऱ्हाईक भांडे उन्हात धरून पाहते, तोंड दिसते का बघते, पैसे देऊन जाते. शिसे अन्नात उतरते ते पुढे, हळूहळू, आणि कोणाच्या पोटात उतरले ते कलईगराला कधीच कळत नाही. अब्बांकडे परीक्षेच्या दोन रीती होत्या. कांडी कागदावर घासायची. काळी रेघ उमटली तर शिसे आहे. आणि दुसरी मला फार आवडायची. कांडी कानाशी धरून वाकवायची. चांगले कथील वाकताना चरचरते, बारीक आवाज करते. शिसे मुकाट्याने वाकते. पुढे आमच्या कॉलेजातल्या रसायनशास्त्राच्या सहकाऱ्याने मला त्याचे कारण समजावून सांगितले, धातूच्या आतले स्फटिक सरकतात म्हणून. अब्बांना स्फटिक माहीत नव्हते. एकदा एक व्यापारी भेसळीच्या कांड्या निम्म्या भावात देत होता आणि घरात पैशांची खरोखर ओढ होती; आईने सुद्धा ‘घ्या’ म्हटले होते. अब्बा एवढेच म्हणाले, ‘‘उसमें बच्चे दूध पीते.’’ विषय संपला.

आता सांगा, पाचव्या पानावर करड्या रंगात ठेवलेले बटण म्हणजे काय? कलईत मिसळलेले शिसेच की. वरून चकाकते, कायद्याच्या उन्हात धरले तर तोंडही दिसते, पण कोणाच्या तरी आईच्या शिलाईच्या पैशांत ते उतरत राहते.

आपल्या धर्मग्रंथात याविषयी मौन नाही. कुरआनमधील ८३ वी सूरह ‘मुतफ्फिफीन’ हीच मुळी मापात मारणाऱ्यांबद्दल आहे. स्वतः घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि दुसऱ्याला देताना कमी देणारे, अशा लोकांना तिथे कडक इशारा आहे. हदीसमध्ये एक प्रसंग येतो. हजरत मुहम्मद पैगंबर (स.) बाजारातून जात असताना त्यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला. वरचे धान्य कोरडे, आतले ओले. विक्रेत्याने सांगितले की पावसाने भिजले. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, लोकांना दिसले असते, असे पैगंबरांनी विचारले. आणि फसवणाऱ्याचे आपल्याशी नाते नाही असे बजावले. हा प्रसंग मी कितीदा तरी बयानात ऐकला आहे, पण यातली एक गोष्ट त्या रात्री पहिल्यांदा लक्षात आली. धान्य भिजले हा विक्रेत्याचा गुन्हा नव्हताच. गुन्हा होता मांडणीचा. कोणते वर ठेवायचे, कोणते खाली, हे त्याने ठरवले होते. माझ्या विद्यार्थ्याचे कामही तेच. वर काय, खाली काय.

आणि मांडणीची, घडवण्याची प्रतिष्ठाही तिथेच आहे. हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले गेले आणि त्यांनी चिलखते बनवावीत, कड्यांचे माप नीट राखावे, असा उल्लेख सूरह ‘सबा’मध्ये आहे. एक पैगंबर, राजा, आणि त्यांना सांगितले जाते आहे कड्यांच्या मापाबद्दल. कडी मोठी झाली तर बाण आत शिरेल, लहान झाली तर चिलखत घातलेल्याला हलता येणार नाही. ज्याच्या अंगावर ते चढणार त्याचा विचार करून मोजायचे. प्रॉडक्ट डिझाइनची याहून चांगली व्याख्या मला तरी ठाऊक नाही.

सरकारलाही उशिरा का होईना हे उमगले आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा छुप्या युक्त्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे काढली. ‘डार्क पॅटर्न’ हे त्यांचे नाव. एकूण १३ प्रकार त्यात सांगितले आहेत. ‘फक्त दोनच शिल्लक’ अशी खोटी घाई लावणे, न मागता टोपलीत वस्तू टाकणे, नको म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी वाक्ये लिहिणे, आणि आत शिरणे सोपे पण बाहेर पडणे अवघड असा वर्गणीचा सापळा. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाचकांनी तो फोनमध्ये जतन करून ठेवावा, आणि आपल्या आईच्या खात्यातून काय काय कापले जाते ते एकदा बघावे. पण कायदा बटण ठेवायला लावतो. ते मनापासून ठेवले की नाइलाजाने, हे त्याला मोजता येत नाही. तिथे रोजाच लागतो. बंद खोलीत, माठातले गार पाणी समोर असताना, कोणी पाहत नसताना माणूस घोट घेत नाही, हाच तर रोजा. मग बंद खोलीतल्या संगणकावर का नाही?

नगरकरांना (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण आमच्या तोंडात ‘नगर’ बसले आहे ते बसले आहे) या प्रश्नासाठी लांब जायला नको. मुलूख मैदान तोफ विजापूरच्या बुरुजावर आहे म्हणून आपण ती विजापूरची समजतो. ती ओतली गेली इथे, नगरमध्ये, निजामशाहीत, १५४९ साली. ओतणारा मुहम्मद बिन हसन रूमी, तुर्कस्तानकडून आलेला कारागीर. तोफेवर त्याचे नाव कोरलेले आहे. वजन सुमारे ५५ टन. तोंड सिंहाच्या जबड्यासारखे आणि त्या जबड्यात चिरडला जाणारा हत्ती. कारागिरी म्हणून पाहिले तर थक्क व्हावे असेच काम. पुढे १८५४ साली इंग्रज अधिकाऱ्याने तिचा लिलाव मांडला तेव्हा सगळ्यात मोठी बोली दीडशे रुपयांची आली, म्हणून लिलाव रद्द झाला आणि ती वाचली.

त्यानंतर अठरा वर्षांनी, १५६७ साली, त्याच नगरमध्ये किल्ल्याजवळ दमडी मशीद उभी राहिली. बांधणारा म्हणून साहिर खान या सरदाराचे नाव सांगतात. पण लोकांच्या तोंडी असलेली हकीकत अशी की, किल्ल्याच्या बांधकामावरच्या मजुरांनी आपल्या मजुरीतून एकेक दमडी काढली आणि त्यातून ही मशीद झाली. आकाराने एवढीशी. दगडावरचे कोरीवकाम मात्र असे की, बोट फिरवत राहावे. दिवसभर राजाचा तट बांधून दमलेल्या हातांनी ते केले असेल तर त्यांना कोणत्या मुकादमाने सांगितले होते, इतके बारीक करा म्हणून? मी दरवर्षी विद्यार्थ्यांना तिथे नेतो. तोफेवर नाव आहे. या पानाफुलांवर कोणाचेच नाही. दोन्ही कामे हुनराचीच, आणि रूमी खानाला मी कमी लेखत नाही. पण माझ्या विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न त्या दोघांमध्ये कुठे तरी उभा आहे. हुनर तर आहे, पण तो कोणाच्या दिशेने रोखलेला आहे?

अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर लुना घ्या. नगर-दौंड रस्त्यावरच्या कायनेटिक इंजिनिअरिंगच्या कारखान्यातली ही गाडी. हस्तिमल फिरोदियांची कंपनी. १९७२ च्या सुमारास लुना रस्त्यावर आली. मूळ आराखडा इटलीच्या पियाजिओच्या ‘चाओ’ या मोपेडचा. पण आमच्या गल्लीत तिला इटली वगैरे कोणी विचारले नाही. अब्बांनी जुनी लुना घेतली होती. मागे भाता बांधायचा, पुढे कोळशाचे पोते, आणि भिंगारपर्यंत फेरी. लुनाला पॅडल होते. पेट्रोल संपले तर सायकलसारखी मारत घरी या! पगाराच्या शेवटच्या आठवड्यात अर्धे नगर पॅडल मारताना दिसायचे. ज्याने ते पॅडल तसेच ठेवले त्याने आमच्या रिकाम्या खिशाचा विचार केला होता. आजचे अ‍ॅप आमच्या खिशाचा विचार करत नाहीत असे नाही. फार बारकाईने करतात.

आता थोडे कडू बोलतो. दोष एकट्या मुलाचा नाही, आपला जास्त आहे. आपल्या समाजात एखादा मुलगा शिकून मोठ्या पगाराला लागला की आपण विचारतो, पॅकेज किती? दुसरा प्रश्न, लग्न जमले का? तू दिवसभर नेमके काय करतोस, त्याने कोणाचे भले होते, हे विचारणारा मला आजवर भेटलेला नाही, आणि मीही विचारत नव्हतो. हलाल-हरामची आपली सगळी चर्चा मटणाच्या दुकानाशी सुरू होते आणि बँकेच्या व्याजापाशी संपते. बिस्किटाच्या पुड्यावरचे बारीक अक्षर भिंग लावून वाचणारे आम्ही, पगाराच्या पावतीमागचे काम मात्र वाचत नाही. मुलाच्या पगारातून इफ्तारची दावत झाली की सगळ्यांचे पोट भरते. शिकलेल्या मुलांची संख्या वाढावी म्हणून आपण दोन पिढ्या धडपडलो, ते योग्यच होते. पण कारागिराच्या घरात धंद्याचे जे भान बापाकडून मुलाला भाता ओढता ओढता मिळत होते, ते डिग्रीबरोबर आपोआप येत नाही. ते कोण देणार? मशिदीतले बयान? तिथे शेतकरी, दुकानदार यांची उदाहरणे येतात. कोडिंग करणाऱ्याचे, जाहिरात लिहिणाऱ्याचे, डिझाइन करणाऱ्याचे येत नाही. मौलाना साहेबांना दोष देत नाही, त्यांना कोणी सांगितलेलेच नाही. आमच्यासारख्या शिकवणाऱ्यांनी जाऊन सांगायला हवे होते.

शिकवणाऱ्यांचे म्हणाल, तर माझेही माप तपासावे लागले. तास अठ्ठेचाळीस मिनिटांचा. रमजानमध्ये मी वर्गावर दहा मिनिटे उशिरा जातो आणि पाच मिनिटे आधी सोडतो. रोजा आहे म्हणून. मुले खूश, मी खूश. पगार मात्र पुरेपूर मोजून घेतो. त्या रात्री हा हिशेब मांडला आणि विद्यार्थ्याला दिलेल्या उत्तराची लाज वाटली. मौलाना आझाद ऑगस्ट १९४२ पासून याच नगरच्या किल्ल्यात कैदेत होते, आणि ‘गुबार-ए-खातिर’मधली पत्रे त्यांनी तिथे लिहिली. मी ती शिकवतो. अंधार असताना उठून स्वतःचा चहा स्वतः मनापासून बनवणारा माणूस, आणि पोहोचणार नाहीत हे माहीत असलेल्या पत्रांतही शब्द तोलून लिहिणारा माणूस. वर्गात मी यावर छान बोलतो. बोलायला आणखी पंधरा मिनिटे मिळाली असती.

दोन दिवसांनी मीच त्याला फोन करून बोलावले. म्हटले, माझे उत्तर चुकले होते. तुझी रोजी हराम आहे असा फतवा मी देणार नाही, तो माझा अधिकार नाही. पण तुझ्या कामात शिसे आहे, हे तुला आधीच कळले आहे. नाहीतर तू विचारले नसतेस. राजीनामा दे असेही मी म्हणालो नाही. कायम नोकरी असलेल्या माणसाने दुसऱ्याला राजीनाम्याचा सल्ला देणे फार सोपे असते. त्याच्या डोक्यावर शिक्षणाचे कर्ज आहे, बहिणीचे लग्न दिवाळीनंतर आहे, वडिलांच्या गुडघ्याचे ऑपरेशन लांबणीवर पडले आहे.

दरम्यान त्याने एक गोष्ट केली. मोहल्ल्यात जकातीच्या पैशातून शिधा वाटला जातो. दरवर्षी बायका-म्हाताऱ्या उन्हात दोन-दोन तास रांगेत उभ्या, आणि पिशवी देताना फोटो. यंदा त्याने समितीला बसून समजावले. चिठ्ठ्यांवर वेळा लिहिल्या, पंधरा मिनिटांना दहा घरे. ज्यांना बाहेर येणे अवघड त्यांच्याकडे इफ्तारनंतर पोरे पिशवी पोहोचवतात. फोटो बंद. समितीतले एक बुजुर्ग कुरकुरले, फोटो नसतील तर देणगीदारांना काय दाखवायचे? तेव्हा तो म्हणाला, हिशेब दाखवा. रांग नाहीशी झाली. ‘‘सर, हेसुद्धा डिझाइनच आहे,’’ तो म्हणाला, आणि बऱ्याच दिवसांनी मला तो वहीच्या शेवटच्या पानावर मोटारसायकल काढणारा मुलगा दिसला.

कंपनीतही त्याने नवी मांडणी तयार केली आहे. बटण पहिल्या पानावर, काळ्या अक्षरात. सोबत रागावून गेलेल्या ग्राहकांच्या तक्रारी जोडल्या आहेत आणि २०२३ ची ती मार्गदर्शक तत्त्वेही. साहेबांनी पाहून ‘आकडे पडतील’ एवढेच म्हटले आणि मीटिंग लावली आहे. ती येत्या सोमवारी, शेवटच्या अशऱ्यात. त्यात काय होईल सांगता येत नाही. बढती जाईल, कदाचित नोकरीही. त्याने दुआ मागितली आहे आणि मी ती करतो आहे. पण तेवढ्यावर भागणार नाही म्हणून त्याच्या वडिलांना आज इफ्तारनंतर गाठणार आहे. मुलगा उद्या कमी पगाराची नोकरी घेऊन घरी आला, तर मोहल्ल्यातल्या आम्ही चार जणांनी त्यांना तसाच सलाम करायचा, हे त्यांच्या कानावर घालायचे आहे. आणि त्या चार जणांच्याही.